अभ्र्यांचा तास

आई गेली तेव्हा बालवर्गाचं सत्र संपायला दीड महिना उरला होता. नवीन बाई मिळेपर्यंत मी सांभाळते, असं मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे चुका शोधणं हाच माझा धंदा. अकरा मुलांपुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आई त्यांच्या मोठ्या बाई, म्हणून मी छोट्या बाई. उंचीने मी आईपेक्षा वीतभर जास्त, पण ऐकतंय कोण!

वर्गात सगळ्यांत लहान पिटुकली. तिच्या वडिलांचा मासळीबाजारात गाळा. ते तिथूनच रबरी बुटांत तिला सोडायला यायचे. ती दारात दिसली की पुढारी नाक चिमटीत धरायचा. हा पुढारी साडेपाच वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला. त्याच्या पाठोपाठ उरलेली नऊ नाकं.

मी भाषण केलं. सगळी माणसं सारखी, कुणाला हिणवू नये, वगैरे. मुलांनी तोंडावर बोट ठेवून ऐकून घेतलं. दुसऱ्या हाताने नाक धरून.

मंगळवारी सकाळी पिटुकलीचे वडील फाटकाशीच थांबले.

“बाई, उद्याचा दिवस आणतो. पुढे नाही.”

“का हो?”

“रोज लिंबू चोळून आंघोळ घालतो. पोरीची कातडी सोलवटली. काल म्हणाली, बाबा, तू मला लांबूनच सोड.” त्यांनी बुटांकडे पाहिलं. “म्हणून इथे उभा आहे.”

दुपारी मी प्रत्येकाच्या घरी चिठ्ठी पाठवली : उद्या मुलाच्या उशीचा अभ्रा द्यावा, न धुतलेला. एका आईने इस्त्री करून आणला. तो मी परत केला, तेव्हा तिने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

खेळ सोपा होता. अभ्रे टोपलीत, डोळ्यांवर पट्टी, वास घ्यायचा आणि कुणाचा ते ओळखायचं. मी त्यात आईचाही टाकला. तीन आठवडे तो धुवायचा राहिला होता.

पहिला अर्थातच पुढारी. त्याच्या हाती नेमका स्वतःचाच आला.

“शी! औषध! कुणाचा रे हा?”

“तुझाच!” वर्ग हसून लोळला.

“खोटं! आमच्या घरात वासबिस नसतो.”

मग पिटुकली. ताजा मासा कुठला आणि शिळा कुठला, हे ती गाळ्यावर रोज नाकाने सांगते. तिने एकेक अभ्रा उचलला आणि भाजी निवडावी तसे बाजूला टाकत गेली.

“हा पुढारीचा. त्याच्या आजीच्या गुडघ्यांचं मलम. हा जुळ्यांचा. ह्याच्यावर कुत्रा पण झोपतो.”

जुळ्यांचे चेहरे पडले. ही बातमी त्यांच्या घरी अजून पोचलेली नसावी.

एक अभ्रा तिने जास्त वेळ नाकाशी धरला. “ह्या मोठ्या बाई.”



“अजून येतो वास?” मी विचारलं.

“येतो की. खडू आणि खोकल्याच्या गोळ्या.”

मी हुंगून पाहिला. “मला काहीच येत नाही गं.”

“तुमच्याच घरचा ना? मग कसा येईल?” मठ्ठ मुलाला समजवावं तसं ती म्हणाली.

शेवटचा उरला. “ह्याला वासच नाही. धुतलाय कुणीतरी.”

“मासे!” दहा जण एकदम ओरडले.

तिने पट्टी वर केली. अभ्रा तिचाच, निळा. “खरंच येतो? मला वाटलं, तुम्ही उगाच चिडवता.”

“येतो,” पुढारी म्हणाला. त्याचा हात नाकाकडे गेला नाही. तो विचारात पडला होता. “पण माझा जास्त लांबून येतो.”

“हॅ! माझा!”

झालं. अभ्रे खुंट्यांवर लटकले आणि मुलं एकेक पाऊल मागे सरत हुंगू लागली. शाळा सुटायच्या वेळी वडील फाटकाशी दिसताच पिटुकली धावली.

“बाबा, आत चल. तुझा मोजायचाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही थट्टा आहे का, असं विचारणारी ती नजर होती.

“या ना,” मी म्हणाले.

ते बुटांसकट भिंतीला टेकून उभे राहिले. पुढारी हुंगत हुंगत मागे गेला, तो थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत.

“अठरा पावलं! काका, तुमचा पहिला नंबर!”

वडिलांनी उगाचच हात पँटला पुसले. “आजवर कशात पहिला आलो नव्हतो.”

“उद्या आणाल ना तिला?”

“तिलाच विचारा.”

पिटुकलीला सवड नव्हती. ती जुळ्यांना बजावत होती, “उद्या मोजे. विसरायचं नाही हं!”