शनिवारचं लग्न शुक्रवारी

माझी थोरली बहीण डिंफ्ना साठी उलटल्यावर लग्नाला उभी राहिली आणि आमचं सगळं बेट कामाला लागलं. नवरदेव मॅलकी पलीकडच्या किनाऱ्यावरचा, विधुर, अॅकॉर्डियन वाजवणारा. शनिवार ठरला होता.

गुरुवारी सकाळी माझी मुलगी सॉरका डब्लिनहून आली. ती हवामान खात्यात आहे. हातातली बॅग खाली न ठेवताच म्हणाली, "आत्या, लग्न उद्याच उरकून घे."

"अगं, ते चक्रीवादळ बर्म्युडाच्या पुढे संपलं ना? रेडिओवर सांगितलं की!"

"संपलं नाही, बदललं. आजवर कोमट समुद्राच्या जिवावर जगत होतं. गार पाण्यावर आलं आणि त्याचा डोळा मिटला. पण वरच्या वेगवान वाऱ्यांनी त्याला उचललंय. आता त्याची गरम हवा आणि उत्तरेची थंड हवा यांच्या झटापटीवर पोसतंय. पसरलंय किती! शनिवारी इथे येतंय."

डिंफ्ना हसत सुटली. "या वयात नवा संसार? माझ्यावरच गेलंय की मेलं!"

मी बोट काढली. मॅलकीचा सूट शिंप्याकडेच होता, म्हणून तो जर्सीवरच निघाला. फादर टर्लॉ बटाटे काढत होते. "आभाळ तर स्वच्छ आहे, एवढी घाई कसली?"

"नवरीला विचारा."

डिंफ्नाला विचारण्यापेक्षा त्यांना तसंच मातीच्या हातांनी बोटीत बसणं सोपं वाटलं.

शुक्रवारी लग्न लागलं तेव्हा समुद्र तळ्यासारखा होता. केकवर साखरेचा थर द्यायला वेळच मिळाला नाही, तरी तो चटकन संपला. काही म्हातारे सॉरकाला चिडवत होते, "काय गं, कुठंय तुझं वादळ?"

शनिवारी पहाटे ते आलं. रस्त्यावर लाटांचा फेस उडाला, वीज गेली, आमच्या खुराड्याचं छप्पर शेजारच्या कुरणात जाऊन पडलं. कोंबड्या पाटीत भरून आम्ही गावच्या हॉलमध्ये आणल्या, जिथे लग्नाचे पाहुणे अडकून पडले होते. मॅलकीनं अॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले आणि वाऱ्याच्या आवाजावर मात करत वाजवू लागला. चिडवणारे म्हातारेच सॉरकाला नाचायला ओढत होते. डिंफ्ना बूट काढून नाचली. दमली, की हसत मॅलकीच्या शेजारी टेकायची आणि पुन्हा उठायची. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी समुद्र शांत झाला. पाहुण्यांना पलीकडे सोडायला मी बोटीचं इंजिन चालू करून धक्क्यावर वाट पाहत बसलो. पाहुण्यांपैकी एकटे फादर आले.

"बाकीचे?"

"अजून नाचतायत," ते म्हणाले. "तूही चल. मी नुसता तुला बोलवायला आलोय."