नाकारलेल्या ओळी

राउटरच्या जाळीतून एक मुंगी बाहेर आली, थबकली, आणि काहीतरी विसरल्यासारखी पुन्हा आत गेली... आतल्या उबेला जातात मेल्या. पद्मजाने फुंकर मारली आणि जेवणाच्या टेबलावर उघड्या ठेवलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. सव्वाबारा. आता सुरू होईल — झालंच. एक ओळ उमटली : नाकारलं. अर्ध्या मिनिटाने खाली दुसरी : नाकारलं. तोच पत्ता, चार आकड्यांचा, मध्ये तीन टिंबं. हॉलंडमधलं धाकट्या भावाचं, सलिलचं घर. तिथे सकाळचे पावणेनऊ.

हे फायरवॉलचं प्रकरण तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी वडिलांच्या, अण्णांच्या खाटेसमोर कॅमेरा लागला तो सलिलच्या आग्रहाने, आणि हर्षद वायरमन एक ते सहा असे सरळ आकडे पासवर्ड म्हणून घालून, चहा पिऊन निघून गेला. पंधरा दिवसांनी भरदुपारी त्या कॅमेऱ्यातून कुणी परका पुरुष खदाखदा हसला, कुठल्या तरी भाषेत काहीबाही बोलला, तेव्हा शहाऐंशी वर्षांचे अण्णा भिंतीकडे मान वळवून म्हणाले, "या, बसा हो. पाणी आणायला सांगतो." ती आधी हसली होती, मग धावत जाऊन तिने कॅमेऱ्याची वायरच उपटली होती. पुढचे दोन महिने व्हिडिओ बघत, वहीत उतरवून घेत, तीन वेळा स्वतःलाच बाहेर कोंडून घेत ती शिकली — कुणाला आत घ्यायचं त्याची यादी करायची, यादीत नसेल तो उंबऱ्यावरूनच परत. मांडवीतल्या या घराला कडी लावावी तसं. यादीत तिने एकच पत्ता ठेवला होता. सलिलचा.

तीन आठवड्यांपूर्वी तोही काढला.

"ताई," त्या दिवशी फोनवर तो म्हणाला होता, "काही नाही ग... म्हणजे आज पेज भरवताना तू अण्णांना..."

"काय केलं मी?"

"काही नाही. दमली असशील."

दमली असशील! त्याने चिडायला हवं होतं, म्हणजे तिला भांडता आलं असतं — तू ये ना इथे, चार दिवस बघ करून, तिथून बघायला काय जातं... पण त्याने समजून घेतलं, आणि ते तिला सोसलं नाही. कारण तो जे बोलला नाही ते दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्यांदा पेज थुंकल्यावर ती अण्णांना म्हणाली होती, "गिळा!" ज्यांनी तिला सायकल शिकवताना अख्खी मांडवी पळत पालथी घातली त्यांना — गिळा. अण्णा विसरले पाच मिनिटांत. कॅमेऱ्याला कानही आहेत हे ती विसरली होती.

त्याच संध्याकाळी तिने यादीतली ओळ पुसली आणि फोनवर सांगितलं, विजेने कॅमेरा गेला वाटतं. "बरं," तो म्हणाला, "घाई नाही." पुन्हा विषय नाही. म्हणजे सुटला, तिला वाटलं. त्यालाही बरंच झालं असेल.

"ताईनू, ता बंदच हाय ना अजून?" भांड्यांची पाटी घेऊन जाताना काशीने कॅमेऱ्याकडे हनुवटी उडवली. "बरा हाय. मला मेलीला पदर सावरून सावरून जीव नको झाला होता."

"तुझा पदर बघायला कोण बसलंय?"

"तुमचा तरी बघत असतील!" आणि काशी हसत मागीलदारी गेली.

नोंदींचं पान पद्मजाने उघडलं ते परवा, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी. आणि त्यात हा पत्ता... रोज. रोज सव्वाबारा. तिने आधी स्वतःची समजूत घातली — फोन आपोआप करत असेल. मग कॅमेऱ्याचं तेच अ‍ॅप आपल्या फोनवर घालून बघितलं. पडद्यावर ते उघडं असेल तेवढाच वेळ ते दर अर्ध्या मिनिटाने ठोठावतं. बंद केलं की गप्प. मग तिने ओळी मोजल्या. एकेचाळीस. आदल्या दिवशी चाळीस. त्याच्या आदल्या दिवशी बेचाळीस.

वीस मिनिटं. काळ्या पडद्यासमोर.

म्हणजे काय करतो हा? चहाचा मग हातात धरून बसतो? कॅमेरा बिघडलाय हे खरं मानून बसतो, की खोटं ओळखून? साडेनऊची गाडी पकडायची असते त्याला, ऑफिस असतं... पेज संपायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बसून, काही न दिसता, उठून जातो.

तिने लॅपटॉप उचलून अण्णांच्या खाटेपाशी स्टुलावर ठेवला आणि पेजेची वाटी घेतली. चौदावी ओळ.

"पद्मे, मीठ विसरलीस हो."

"घातलंय, अण्णा."

"मग जिभेलाच माझ्या विसर पडला," अण्णा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन त्यांनी मोठा आ केला. तिने चमचा नेला. एक ओघळ हनुवटीवरून खाली आला, तो तिने पदराने टिपला — आणि मग कपाळावरची बट कानामागे सारली, पाठ सरळ केली, अन् तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दार बंद आहे, कुणाला काही दिसत नाहीये, आणि तरी आपण... कुणासाठी?

एकतिसावी. बत्तिसावी.

पंचविसाव्या चमच्याला अण्णांनी तोंड फिरवलं. ती थांबली. त्यांचं त्यांना वाटेपर्यंत चमचा हवेत धरून बसली, आणि पडद्यावर एक ओळ आली, तिच्यापुरती, जणू तोही चमच्याकडे बघत थांबलाय.

एका ओळीचं तर काम. आकडे तिला पाठ होते. डाव्या हाताने तिने ते एकेक करून टाइप केले. खाली 'परवानगी' हे बटण निळं झालं. दाबलं की पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याच्या काळ्या पडद्यावर ही खोली उजळेल — अण्णा, वाटी, ती. जशी असेल तशी ती.

पण ही पेटी नोंद ठेवते ती परतवलेल्यांची. आत आलेल्यांची ओळ उमटत नाही. उद्या सव्वाबाराला तो इथे असेल, आणि असल्याचं तिला कळणार नाही. आता या क्षणी पृथ्वीच्या त्या टोकाला एक माणूस तिच्या दाराशी उभा आहे हे ती डोळ्यांनी बघत होती. इतक्या वर्षांत तो इतका जवळ कधी आला नव्हता...

अडतिसावी. बोट बटणावर होतं. अण्णांनी स्वतःहून तोंड उघडलं. आणखी एक येऊ दे, ती मनाशी म्हणाली, एवढी एकच — आणि तिला कळलं, की हे ती कालही म्हणाली होती.