मार्तावहिनींची घरपट्टी

आमच्या खर्ड्यात घरपट्टी भरायची घाई कुणालाच नसते. एखादा दाखला अडला की आम्ही पाकीट काढतो, तेही तोंड वाकडं करून. त्यामुळे आसारामची पोलंडची बायको, मार्तावहिनी, रोज ग्रामपंचायतीत येऊन "घरपट्टी घ्या" म्हणायला लागल्या तेव्हा आमची चांगलीच करमणूक झाली.

आसाराम तिकडं इंजिनियर होता. नोकरी सोडून दोघं गावी राहायला आले आणि थोड्याच दिवसांत तो वारला. वहिनी मात्र परत गेल्या नाहीत. व्हिसा वाढवायचा तर त्या याच घरात राहतात हे नगरच्या कार्यालयात दाखवायला हवं होतं, आणि त्यासाठी त्यांच्या नावाची घरपट्टीची पावती. ती नाही मिळाली तर जानेवारीअखेर घराला कुलूप लावून निघायचं, एवढं साधं होतं.

साधं कुठलं! आमच्याकडं भरणा आता मोबाईलवरच. मोबाईल आधार मागणार, आणि वहिनींकडं आधार नाही. त्यांचं परदेशी कार्डही चालेना. ग्रामसेवक पंकज भला माणूस. त्यानं तालुक्याला खेटे घातले आणि वहिनींकडून रोख घेऊन त्यांच्या नावानं पावती फाडायची परवानगी आणली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत पैसे घ्यायचे ठरले.

इथं गोरक्षनाथरावांचा मोठेपणा आडवा आला. सरपंच त्यांच्या पत्नी, धनश्रीताई. पण कारभार यांचा. एवढ्या लांबून आलेली बाई, त्यात आसारामची विधवा, तिच्याकडून गावानं पैसे घ्यायचे? त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या मोबाईलवरून वहिनींची घरपट्टी भरून टाकली आणि कुणाला न सांगता शाल-श्रीफळ मागवलं.

सभेत ते उठून म्हणाले, "मार्तावहिनी गावाच्या पाहुण्या हायेत. त्यांची घरपट्टी म्या भरली!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, आम्हाला आमच्याच गावाचा अभिमान वाटला. धनश्रीताईंनी वहिनींच्या खांद्यावर शाल घातली, फोटो निघाले.

पंकजचा चेहरा तेवढा उतरला. "दादा, पावतीवर भरणाऱ्याचं नाव येतं," तो हळूच म्हणाला. "आता या वर्षाचा भरणा पुन्हा घेताच येत न्हाई."

वहिनींनी पावती मागून घेतली. मराठी त्या सासूकडून शिकल्या, वाचतात आणि बोलतातही सासूसारखंच.

"भाऊजी, मी पाव्हनी न्हाई, सून हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नगरचा सायेब इचारंल, बाई, तुझं घर कोन चालवतं? मग मी ही पावती दाखवू? दुसरा बाप्या चालवतो म्हनून सांगू?"

पुढं बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. धनश्रीताई नवऱ्याकडं बघेनात. गोरक्षनाथराव खाली बसले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरपट्टी बुडवणारे आम्ही सगळे गावचे, आणि ती भरायला रोज येणाऱ्या बाईला आम्ही पाहुणी ठरवलं होतं.

वहिनी माईकवर बोलल्या नव्हत्या, त्यामुळे मागच्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. भाषण संपलं असं समजून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना गप्प करायला आमच्यातला एकही उठला नाही.