तांबड्या कुसळाचं भात

वजनकाट्याच्या साखळीला यंदा नवा रंग दिला होता आणि काट्यापाशी नवा माणूस बसवला होता. नवा कसला! नाथाच तो. सरकारी खरेदी केंद्र नव्हतं तेव्हा भिमाजी शेठच्या ओट्यावर हाच पायलीनं भात मापायचा. कोपरानं दाबून दाबून भरायचा, वर शीग चढवायचा आणि ती शीग सांडली की सांडलेलं शेठचं.

भागीबाईनं त्याला रांगेतूनच ओळखलं. पाठीवरची पोर तिनं पुढं घेतली, जशी काही त्याची नजर लागेल.

मागच्या बाजारी केंद्राच्या साहेबानं सगळ्यांना समजावलं होतं, "केंद्र बंद होत नाही. फक्त शेठना चालवायला दिलंय. पाटी तीच, काटा तोच, भावही तोच."

"म्हंजे खुराडं तेच, कोंबड्या त्याच," म्हातारा मंगळू म्हणाला होता, "राखणीला तेवढा बोका आणला." सगळे हसले होते. साहेबही हसला होता.

तीन वर्षं केंद्राचा काटा सरळ होता, म्हणून तीन वर्षं भागी आणि तिचा नवरा पुंजा निफाडकडं द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला गेले नव्हते. थोरली पोर तिथंच बांधावर वाढली होती, औषधाच्या फवाऱ्यात खोकत. ही धाकटी आपल्या अंगणात रांगावी, एवढंच भागीच्या मनात होतं. आज पोतं घेतलं गेलं की ते साधणार होतं.

नाथाची तऱ्हा मात्र बघवत नव्हती. येईल त्या पोत्यात तो कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठ भरून काढायचा, चार दाणे तंबाखूनं काळ्या पडलेल्या दातांखाली फोडायचा आणि पचकन थुंकायचा. "ओल हाय," म्हणायचा. उरलेली मूठ पायाशी टाकायचा. नमुना म्हणे! गेल्या सालापर्यंत नमुना पाहून झाला की परत पोत्यात पडायचा. आता त्याचा ढीग झाला होता, आणि त्या ढिगात नाथाचे बूट रुतलेले होते.

भागीच्या पाड्यावर धान्याच्या देवीला, कणसरीला, पहिलं कणीस वाहिल्याशिवाय कोणी नवा दाणा तोंडात घालत नाही. चुकून पाय लागला तर पोरंसुद्धा दाणा उचलून कपाळाला लावतात.

तिची पाळी आली. नाथानं मूठ काढली, चावली, थुंकला. मग दुसरी काढली.

"एक घेतली ना?" भागी म्हणाली.

"ती ओलीची. ही खड्यांची."

आणि त्यानं तिसऱ्यांदा हात घातला.

"ही सवयीची!" मागून मंगळू ओरडला. रांग खिदळली.

"गप ऱ्हा भागी," पुंजा कानाशी पुटपुटला. "घेऊ दे. पोतं गेलं म्हंजे झालं."

पोतं काट्यावर चढवायला म्हणून भागीनं पोर खाली ठेवली मात्र, ती रांगत थेट ढिगाकडं गेली आणि चिमटीत आलेला दाणा तिनं तोंडात घातला. भागीनं झेप घेतली. कोवळ्या हिरड्यांत बोट फिरवून दाणा काढला. तो थुंकीनं ओला होता, पोरीच्या की नाथाच्या, कोण जाणे. पण कुसळ तांबडं होतं.

ती ढिगापाशीच बसली आणि वेचू लागली.

"ए बाई, काय चाललंय?" नाथा खेकसला.

"माझं भात येचते."

"या ढिगात तुझं कुठलं कळणार?"

"तांबडं कुसळ माझं. माझ्या आयच्या वावरातलं बी हाय. पाड्यात दुसऱ्या कोणाकडं नाय."

"आन् काळं, बारीक ते माझं," म्हणत रांगेतली सावित्रीबाई शेजारी येऊन बसली. मग आणखी दोघी.

वहीवर बसलेला जयराम कारकून खाली मान घालूनच म्हणाला, "बाई, माणसं खोळंबलीत."

"मंग त्यांना पण बसू दे, भाऊ. त्यांचं पण हाय यात."

रांगेतलं कोणी हललं नाही. नाथा पेटला. "न्या मग परत! डोंगर चढून न्या!"

पुंजा पोत्याकडं बघत राहिला. "भागी, निफाडला जावं लागंल."

तिचे हात थांबले. पोर तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला बघत होती. पहिल्यांदाच.

"जाऊ," भागी म्हणाली. "पण ह्याच्या बुटाखाली नाय घालायचं."

वेचलेलं तिनं पदरात बांधलं. थुंकीनं चिकटलेले चार दाणे नाथाच्या बुटापाशी टाकले.

"हे ओले हायत. हे तुझे."

पुंजानं पोतं खांद्यावर घेतलं. चढणीला लागण्याआधी भागीनं पुन्हा एकदा पोरीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं, काही राहिलं तर नाही ना.