गुडघ्याची रजा

तो अर्ज मी रागाच्या भरात लिहिला, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला माझी शाळा आणि शाळेतच टपाल. म्हणजे मास्तरही मी आणि पोस्टमास्तरही मीच. दलसिंग आमचा हरकारा. डाकेची थैली पाठीवर टाकून, घुंगरांची काठी वाजवत तो रोज घाट पळत चढायचा, माथ्यावरच्या बंगल्यात टपाल द्यायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचा.

होळी तोंडावर आली होती. तेवढ्यात वरच्या कचेरीचं पत्र आलं : पुढच्या रविवारी साहेब माथ्यावर घड्याळ घेऊन बसतील, हरकारा दीड तासात चढला नाही तर त्याची नोकरी गेली. आणि नेमका तेव्हाच दलसिंगाचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

तो आला तेव्हा मी पाढे म्हणून घेत होतो.

"मास्तर, गुडघा दुखी ऱ्हायना. त्याले आठ दिन सुटी द्या."

"म्हणजे तुला सुटी हवी."

"माले नको. मी बरा शे. गुडघाले."

"अरे, मग काय गुडघ्याला रजा द्या असं लिहू?"

"हा, तेच लिखा."

तीनदा समजावलं. चौथ्यांदा डोकं फिरलं आणि लिहिलं : 'हरकारा दलसिंग याच्या उजव्या गुडघ्यास आठ दिवसांची रजा मिळावी.' म्हटलं, साहेब हसतील आणि माणसालाच रजा देतील.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! सोमवारी हुकूम आला : 'उजव्या गुडघ्यास रविवारअखेर रजा मंजूर. बाकी इसमाने कामावर हजर राहावे. रजेवरील गुडघा सरकारी कामास वापरल्याचे आढळल्यास बाकी इसमास काढून टाकण्यात येईल.'

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दलसिंग मात्र खूश. "साहेब भला माणूस शे," म्हणाला.

त्याच्या बायकोने, कालीबाईने, गुडघ्यावर निर्गुडीचा गरम पाला बांधला आणि तो चुकूनही वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी बांबूच्या पट्ट्या आवळल्या. तसा तो ताठ पाय घेऊन पळाला आणि पहिल्याच वळणावर गडगडत माझ्या पायाशी आला. मंगळवारी चढायला तीन तास लागले. बुधवारी शाळेला सुटी देऊन मी स्वतः घड्याळ घेऊन घाटात त्याच्या वरच्या बाजूला उभा राहिलो. "अरे लाकडासारखा काय चाललास!" म्हणून ओरडलो. आता पाय लाकडालाच बांधलेला, त्याने दुसरं काय करावं? पण मला राग आला की आवरत नाही. तो माझ्यावर रुसला आणि तोंड दरीकडे फिरवून, पाठमोराच, उलट्या पावलांनी चढाला लागला.

आणि काय सांगू! डावा पाय रेटा देत होता, उजवा ताठच्या ताठ नुसता मागोमाग येत होता. गुडघा झोपलेला आणि दलसिंग वर!

"फिरू नकोस!" मी ओरडलो. "असाच जा!"

गुरुवारी दोन तासांत चढला. वाटेत वरून उतरणाऱ्या बैलगाडीला पाठीने धडकला आणि उलट गाडीवानालाच विचारलं, "दिखस नही का?"

शुक्रवारी बंगल्याच्या चौकीदाराची लेखी तक्रार आली : 'धुळीत हरकाऱ्याची पावले फक्त उतरतानाची दिसतात, चढतानाची एकही नाही. तरी टपाल पोचते. बंदोबस्त व्हावा.' मी उत्तर पाठवलं : 'पावलांची दिशा टपालखात्याकडे येत नाही.'

शनिवारी काम आटोपल्यावर दलसिंग खुशाल झोपला. माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या एका ओळीपायी याची नोकरी गेली तर कालीबाईला कोणत्या तोंडाने भेटू? स्वतःचीच लाज वाटत होती.

रविवारी मी आधीच जाऊन साहेबांशेजारी उभा राहिलो. खालून घुंगरं ऐकू आली. शेवटच्या वळणावर डाकेची थैली दिसली, मग पाठ.

"हा तर चालला!" साहेब म्हणाले.

"नाही साहेब, येतोय."

"मला पाठ दिसते आहे."

"तीच येतेय, साहेब."

दलसिंगाची नजर खालच्या दरीकडे. साहेबांचं टेबल मागे गेलं, साहेब मागे गेले, मी "थांब रे!" म्हणून बोंबलतोय, आणि हा बंगल्याच्या भिंतीला टेकला तेव्हाच थांबला. एक तास पंचवीस मिनिटं!

साहेबांनी वाकून पट्ट्या तपासल्या. "गुडघा वापरला?"

"नही साहेब. तो रजावर शे."

हुकूम चार दिवसांनी आला; तोवर भीतीपोटी पट्ट्या तशाच ठेवल्या होत्या. 'हरकाऱ्याची नोकरी कायम.' मी हुश्श केलं आणि पुढची ओळ वाचली. 'तथापि उजव्या गुडघ्यावाचून काम वेळेत होते असे दिसून आल्याने सदर गुडघ्याची जागा कायमची रद्द करण्यात येत आहे.'

दलसिंगाला हुकूम वाचून दाखवला. त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे आते तो सरकारना नही?"

"नाही रे."

"मंग मन्हा?"

"तुझाच, बाबा. तुझाच."

त्याने तिथेच, शाळेच्या पायरीवर बसून, पट्ट्या सोडल्या. गुडघा दोनदा वाकवून पाहिला आणि हसला.

होळीला त्याच्या पाड्यावर गेलो. ढोल वाजत होता आणि दलसिंग त्या गुडघ्यावर असा नाचत होता की मी बघतच राहिलो.

"दुखत नाही का रे?"

"आते तो मन्हा शे, मास्तर. त्याले इचारीसन नाचस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुडघ्याला पट्ट्या बांधल्या, थैली घेतली, डोंगराकडे पाठ केली आणि सरकारी कामाला निघाला.