गाडी वेळेवर होती

पहिलं व्हाउचर आलं त्या दिवशी माधवरावांनी ते पाकिटातून काढलं आणि थेट स्वयंपाकघरात आणून वीणाताईंच्या पुढ्यात, कणकेच्या परातीशेजारी ठेवलं.

"बघ. मी सांगत होतो की नाही? गाडीच लेट होती. लेखी कबूल केलंय त्यांनी, सॉरीसकट."

वीणाताईंनी पिठाचे हात वर धरूनच ते वाचलं. त्र्याण्णव सालातली गोष्ट. रेल्वेच्या चुकीने प्रवाशाला फार उशीर झाला तर तिकिटाची भरपाई द्यायची, असा नियम तेव्हा नवानवा निघाला होता. स्टेशनातून फॉर्म आणायचा, भरून टपालात टाकायचा, मग घरी व्हाउचर येई. लंडनच्या पिनर उपनगरातली आपली मंडळी भेटली की याबद्दल तावातावाने बोलत, पण फॉर्म भरत बसायला वेळ होता कुणाला? माधवरावांना होता. पासष्टी गाठायला अवकाश असल्यामुळे म्हाताऱ्यांचा फुकट पास त्यांना अजून मिळत नव्हता, तिकीट काढावं लागे. आणि हॉस्पिटलमधून ते वेळेआधीच निवृत्त झाले होते. का, ते त्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"अतुलला फोन कर," माधवराव म्हणाले. "वाचून दाखव त्याला."

व्हाउचरचं खरं मोल ते होतं. अतुल त्यांचा एकुलता एक मुलगा, बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि त्या हिवाळ्यात त्याचं एकच पालुपद चाललं होतं.

"आई, बाबा हरवतात. तू ते ॲक्सेप्ट का करत नाहीस?"

"हरवत नाहीत रे. गाड्यांचं काय चाललंय ते तुला तिथे बसून काय कळणार?"

"दर वेडनस्डेला? फक्त बाबाचाच ट्रेन लेट होते? पुन्हा असं झालं ना, तर मी त्यांचं एकट्याने जाणं बंद करणार. आणि जीपी डॉक्टरला सांगून मेमरीची टेस्ट."

माधवराव वरच्या खोलीतल्या फोनवरून सगळं ऐकत होते. जिना उतरून ते थेट वीणाताईंसमोर येऊन उभे राहिले.

"साउथहॅम्प्टनपासून लंडनपर्यंत हजारो माणसांना भूल दिली मी. मिनिटाचा घोळ झाला तर माणूस टेबलावर जाईल असलं काम. आणि मला वेळ कळत नाही?"

बुधवार म्हणजे त्यांच्या आठवड्याचा कणा होता. त्या दिवशी ते सूट घालत, टाय बांधत, आणि बेकर स्ट्रीटला उतरून श्रीकांत लेल्यांबरोबर जेवायला जात. लेले जुने सहकारी, राहायला हॅरोला. त्यांनाही दुपारी शहरात काही ना काही कामं असत, म्हणून भेट तिकडेच ठरलेली. चहाच्या वेळेला माधवराव परत यायचे, ही इतक्या दिवसांची रीत. हल्ली मात्र बाहेर मिट्ट काळोख झाला तरी येत नसत. वीणाताई पुढच्या खोलीचा पडदा सारून उभ्या राहायच्या. कोपऱ्यावर छत्री दिसली की पडदा सोडायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या, जशा काही मघापासून तिथेच होत्या.

तर, व्हाउचर आलं आणि अतुलचं तोंड बंद झालं. माधवरावांनी ते खर्चलं नाही. मॅग्नेट लावून फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

लंडनच्या गाड्यांनी या जोडप्याला रडवलं होतं ते काही आजच नव्हे. चौसष्ट साली वीणाताई पुण्याहून नव्या आल्या होत्या. सहावारीवर नवऱ्याचा ढगळ कोट, पायात मोजे आणि चपला. बेकर स्ट्रीटला गाडी आली तेव्हा, आधी इतरांना चढू द्यावं म्हणून त्या बाजूला झाल्या, आणि दारं मिटली. माधवराव आत, या बाहेर. ते पुढच्या स्टेशनावर उतरून उलटे आले, तोवर या पुढची गाडी पकडून निघून गेलेल्या. दोघं एकमेकांना शोधत संध्याकाळभर त्याच मार्गावर येरझारा घालत होते. शेवटी भेट झाली तेव्हा वीणाताई रडल्या आणि माधवरावांनी तिथल्या तिथे नियम घालून दिला. दोघं असल्याशिवाय गाडीत पाय ठेवायचा नाही. दुसरं माणूस दिसेपर्यंत फलाट सोडायचा नाही.

पुढे कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला, डोहाळजेवणांना हा किस्सा रंगला. "आमचे हे अजून मला दंडाला धरून गाडीत चढवतात हो," असं वीणाताई म्हणायच्या, आणि बायका हसायच्या. आता त्यातल्या निम्म्याशिम्म्या राहिल्या नव्हत्या.

व्हाउचरनंतरही बुधवार लांबतच गेले. माधवराव दर वेळी फॉर्म भरत, वीणाताई तिकीट लावून पेटीत टाकत. पण आता रेल्वेचं उत्तर वेगळं येई. त्या दुपारी गाड्या सुरळीत चालू होत्या, क्षमस्व.

"लबाड लेकाचे!" माधवराव कडाडत. "खोटं बोलतात. बोलतात की नाही?"

"बोलतात," वीणाताई म्हणत. अतुललाही त्या तेच सांगत.

मग एका बुधवारी संध्याकाळी लेल्यांचा फोन आला.

"वहिनी, माझा मफलर माधवकडे राहिलाय बहुतेक. बघता का जरा?"

"अजून आले नाहीत हो. गाड्या लेट आहेत ना."

लेले हळूच म्हणाले, "वहिनी, तो माझ्या बराच आधी निघाला. मी नंतर माझी कामं उरकून त्याच लाइनने आलो. गाड्या अगदी वेळेवर होत्या."

पुढल्या बुधवारी माधवराव गेल्यावर तासाभराने वीणाताईही निघाल्या. पँट, जाड कोट, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी. साडी आता त्या सणासुदीलाच नेसत. बेकर स्ट्रीटला घराकडच्या गाडीच्या फलाटावर, खांबाआडच्या बाकावर त्या बसून राहिल्या. गारठा हाडात शिरत होता.

माधवराव आले ते चांगले ताठ चालत. छत्री हातात, टाय जागच्या जागी. हरवलेला माणूस असा दिसत नाही. वीणाताईंचा जीव भांड्यात पडला. गाडी आली. ते दारापाशी गेले, एक हात दांडीला लावला, आणि वळून जिन्याकडे बघत राहिले. दारं मिटायला लागली तसे मागे सरले. गाडी गेली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

पुढची गाडी आली. पुन्हा तेच. त्याच्या पुढचीही तशीच गेली. मग वीणाताईंना बाकावर बसवेना. त्या उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या गाडीचे दिवे बोगद्यात दिसू लागले होते.

माधवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, हॅटला हात लावला आणि अदबीने बाजूला झाले.

"प्लीज, यू गो अहेड," ते म्हणाले. "आय ॲम वेटिंग फॉर माय वाइफ."

वीणाताईंनी टोपी काढली. केस विस्कटले, पांढरे, आखूड कापलेले. माधवरावांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, नुसतं सौजन्य होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असायचं ना, तसं. आणि मग वीणाताईंना तो नियम आठवला. हा माणूस कुठे हरवला नव्हता, की विसरला नव्हता. दिलेला शब्द पाळत उभा होता, कोटाखाली सहावारी नेसलेल्या मुलीसाठी.

गाडी येऊन थांबली.

"अहो," वीणाताई म्हणाल्या.

त्या हाकेसरशी ते वळले. सगळा चेहरा उजळला.

"अगं! होतीस कुठे? किती वेळ उभा आहे मी!"

"गर्दी होती हो खूप."

"चल, चल. दार मिटेल." त्यांनी दंड घट्ट धरला आणि दोघं बरोबर आत चढली. काळ्या काचेत शेजारी शेजारी दोन म्हातारी माणसं दिसत होती. वीणाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. घरापर्यंत दंडावरचा तो हात सुटला नाही.

पिनरला उतरल्यावर माधवरावांनी न चुकता खिडकीवरून फॉर्म घेतला. घरी येऊन कोटसुद्धा न काढता जेवणाच्या टेबलाशी बसले आणि पेनाचं टोपण काढलं.

"आजचा उशीर तर फारच झाला. कारण काय लिहू?"

त्या काही बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. फॉर्म गेला असता, नेहमीचं उत्तर आलं असतं, आणखी एक महिना रेल्वेला शिव्या घालत निघाला असता. आणि एखाद्या बुधवारी फलाटावर रात्र झाली असती.

"नका लिहू," वीणाताई म्हणाल्या. "गाडी वेळेवर होती. मलाच उशीर झाला."

चष्म्यावरून त्यांनी वीणाताईंकडे पाहिलं. मग टोपण पेनावर बसवलं.

"तरी म्हटलं. तुझं नेहमीचंच."

"हो."

"मग पुढच्या वेळी आपण घरूनच बरोबर निघत जाऊ. मला नाही असं ताटकळायला जमणार आता."

"निघत जाऊ."

वीणाताई बाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या, अंधारातच अतुलचा नंबर फिरवला.

"आई? बाबा पोचले?"

"पोचले. मी होते बरोबर." त्यांनी टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "तू ते टेस्टचं म्हणत होतास ना? घे त्यांची वेळ."

इतके महिने ज्याच्यासाठी भांडत होता ते आता अतुलच्या हाती आलं होतं. "ओके आई," एवढंच म्हणाला. लहानपणी बोलायचा तसा आवाज आला त्याचा.

"कोण गं?" आतून माधवरावांनी विचारलं.

"अतुल."

"त्याला सांग, गाडी वेळेवर होती म्हणावं. तुलाच उशीर झाला."

"सांगितलं," वीणाताई म्हणाल्या.