जावईबापूंनी लावलेला गोंद

मित्रांनो, मला जुने म्हणा, माझी काही हरकत नाही. मी चौतीस वर्षांचे डिजिटल घड्याळ आहे. पण कोणी 'कामातून गेलेले' म्हटले, तर मी ऐकून घेणार नाही. मला काटे नाहीत, किल्ली नाही. चार बटणे आणि आकडे, एवढाच माझा संसार. कारखान्यात एका मुलीने मला पाण्यात बुडवले, पुसले, आकडे पाहिले आणि "पास" म्हणून खोक्यात टाकले. तेव्हापासून मला पाण्याची भीती नाही.

म्हणूनच पोहायला शिकवणाऱ्या सरांनी मला घेतले. तलावाच्या काठावर मी किती मुलांच्या वेळा मोजल्या, त्याला गणती नाही. एका मुलीला वाटायचे, मी तिच्यावर डूख धरून आहे. एक दिवस तिने तीन सेकंद वाचवले आणि माझ्या काचेवर ओले बोट टेकवून म्हणाली, "सर, शहाणं आहे हो तुमचं घड्याळ!" मी शहाणा आहेच, पण कोणी म्हटले की बरे वाटते. पुढे सगळ्यांकडे फोन आले. मुले मला पाहून हसू लागली. सरांनी मात्र मला एक दिवसही घरी ठेवले नाही.

मग सरांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांना पंधरा दिवस पाण्याजवळ जायची बंदी आली. त्यांचे जावई त्याच तलावावर जीवरक्षक होते. सरांनी शिकवणीही त्यांच्याकडे सोपवली आणि मलाही. "जीवापाड सांभाळा, जावईबापू."

चौथ्याच दिवशी जावईबापूंनी मला शिडीच्या दांड्यावर अडकवले आणि मी तोंडावर आपटलो. काच तडकली. त्यांनी कोणाला न सांगता झटकन चिकटणारा गोंद आणला आणि भेगेत अख्खी ट्यूब पिळली. सकाळी काच आतून पांढरीफटक! गोंदाची वाफ तिला चिकटली होती. मी आत सेकंद न् सेकंद मोजत होतो, पण वाचणार कोण?

धावतपळत ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या मावशींकडे गेले.

"गोंद कोणी लावला?" मावशींनी विचारले.

"मीच."

"हात धुऊन मागे लागलात की बिचाऱ्याच्या!"

मावशींनी मागचे चार स्क्रू काढून माझे मशीन अलगद बाहेर घेतले. ते ठणठणीत होते. त्यांनी आतून दाबून काच काढली, खाचेतला गोंद खरवडला आणि नवी रबरी रिंग घातली. माझ्याच जातीच्या एका बंद पडलेल्या घड्याळाची काच त्यांनी जपून ठेवली होती. ती मला अशी बसली, जणू माझीच. जुनीवर कितीतरी वर्षांचे ओरखडे होते, हिच्यावर एकही नव्हता. मग मला पेलाभर पाण्यात बुडवले. मी पुन्हा पास झालो.

पंधरा दिवस संपले आणि रविवारी सर तलावावर आले. जावईबापूंनी मला पुढे केले, काचेचे मात्र सांगितले नाही. सरांचा चेहरा खुलला.

"वा! आकडे इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते. डोळा झकास झाला! उद्या तपासणीला जायचं होतं. आता कशाला उगाच हेलपाटा?"

जावईबापूंचा चेहरा खर्रकन उतरला. ते गप्प बसले असते, तर लबाडी सहज पचली असती. पण सरांच्या डोळ्याचे काय? मला बोलता येत नाही, याचे इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

"बाबा, डोळ्यामुळे नाही. काच नवीन आहे," ते एका दमात म्हणाले. "माझ्या हातून पडलं. वर गोंद लावून मी आणखी घोळ घातला. तुम्ही उद्या तपासणीला जाच."

सरांनी भिंतीवरच्या पाटीकडे डोळे बारीक करून पाहिले. "तरीच! मला वाटलं, पाटीच पुसट झालीय."

"रागावलात?"

"पडलं म्हणून नाही. लपवलंत म्हणून. संध्याकाळपर्यंत रागावणार आहे." मग त्यांनी स्वतःच मला जावयाच्या मनगटावर बांधले. "डॉक्टर हो म्हणेपर्यंत राहू दे तुमच्याकडेच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सरांचे औषध बदलले. वेळेवर आलात, असेही म्हणाले.

मित्रांनो, वस्तू हातून पडायच्याच. पडली की गोंद शोधत बसू नका. आधी ज्याची आहे त्याला सांगा, मग जाणकाराकडे न्या. आमची काळजी करू नका. मला अजून दहा वर्षे तरी काही धाड भरत नाही.